डब्यापासून पिनाकापर्यंत : पुढच्या फौजेच्या कारखान्यात आमची जागा कोणती?

भुसावळला पोट भरण्याचे तीन दरवाजे मिळाले. एक रेल्वेचा, दुसरा दीपनगरच्या वीज केंद्राचा आणि तिसरा ऑर्डनन्सचा. सरकारी कागदावर तिचे नाव आयुध निर्माणी. पण गावात त्या नावाने विचारले तर रिक्षावालासुद्धा क्षणभर थांबेल. १९४९ साली उभी राहिलेली ही फॅक्टरी तोफा किंवा बंदुका बनवण्यासाठी नव्हती. ती पत्र्याचे डबे, पिंपे आणि दारूगोळा भरण्याच्या पेट्या बनवत होती. दुसऱ्या कारखान्यांत तयार झालेला माल भुसावळच्या पेटीत बसून सीमेवर जायचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, झाळायचा, रंगवायचा. ज्यांच्या बापजाद्यांना गावगाड्याने मेलेली ढोरे ओढण्यापलीकडे काम दिले नव्हते, त्यांच्या पोरांनी याच कामावर घर चालवले, क्वार्टर मिळवले आणि पुढच्या पिढीला कॉलेजात घातले.

आज त्याच फॅक्टरीत पिनाका रॉकेटांचे पॉड तयार होतात. पिनाकाच्या एका गाडीवर सहा-सहा नळ्यांचे दोन पॉड असतात आणि त्यातून १२ रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. पॉड म्हणजे रॉकेट ठेवण्याचा, वाहून नेण्याचा आणि त्यातूनच ते सोडण्याचा खोका. म्हटले तर डबाच! पण या डब्याच्या नळीत चूक झाली तर मारा चुकतो. म्हणजे कालपर्यंत पत्र्याला आकार देणाऱ्या हातांनी आज मापाची ही बारीक शिस्त आत्मसात केली. सरकारी कारखान्यातला कामगार आळशी असतो, त्याला नवे काही शिकता येत नाही, असे टीव्हीवर बसून सांगणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा भुसावळला यावे आणि या दोन डब्यांमधले अंतर मोजावे.

आम्ही हे सुरुवातीलाच सांगतो, कारण देशाचा संरक्षण उद्योग बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. युद्ध बदलले आहे. २०२२ पासून रशिया-युक्रेन युद्धात जगाने एकाच वेळी दोन गोष्टी पाहिल्या. काही हजारांचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतो, ही एक. आणि दुसरी, जिची चर्चा कमी होते : इतके ड्रोन असूनही तोफगोळा लाखांच्या संख्येने लागतोच, आणि ज्या श्रीमंत देशांनी आपले दारूगोळ्याचे कारखाने बंद केले किंवा आकसवले त्यांना ऐनवेळी गोळे पुरवता आले नाहीत. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्याकडेही दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले. पुढच्या फौजेला जुना माल भरपूर हवा आणि नवा माल झटपट हवा. हे दोन्ही पुरवणारा कारखाना उद्या टिकेल.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हा कारखाना बदलताना त्यातला माणूस कोणता असेल? त्याला नोकरी असेल की करार? आणि बिंदूनामावली नावाचा तक्ता तिथल्या भिंतीवर असेल की नसेल?

वरणगावचे उदाहरण घ्या. भुसावळ तालुक्यातच, नागपूरच्या रस्त्यावर वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. चीनच्या युद्धाने डोळे उघडल्यानंतर, १९६४ साली ती उभी राहिली. इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी ही तिची ओळख. जवानाच्या खांद्यावर इन्सास आहे तोवर वरणगावच्या पाळ्या चालणार, असे साधे गणित होते. पण फौजेने रायफल बदलायला घेतली. २०१९ साली अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली मागवल्या, २०२४ मध्ये आणखी ७३ हजार मागवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला आणि त्यांचा कारखाना अमेठीजवळ कोरव्याला आहे. या दोन्ही रायफलींची गोळी ७.६२ मिलिमीटरची आहे. त्यातही सिगचे काडतूस वेगळे आणि एके-२०३ चे वेगळे. दिल्लीत एका फायलीवर रायफलीचा आकार बदलतो आणि खान्देशात एका कारखान्याच्या ओव्हरटाइमचा हिशेब बदलतो. नवी रायफल घेताना जुन्या गोळीच्या कारखान्याचे काय, त्याला नव्या मापाच्या मशिनरीसाठी पैसा किती आणि कधी, हा प्रश्न त्याच फायलीत असायला हवा.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी कानपूरला अदानी समूहाच्या दारूगोळा संकुलाचे उद्‌घाटन झाले. सुमारे ५०० एकर जमीन, वर्षाला १५ कोटी लहान गोळ्यांची क्षमता. देशाच्या गरजेचा चौथा हिस्सा आम्ही पुरवू, असे कंपनीनेच सांगितले आहे. गोळी वरणगावचीही, गोळी कानपूरचीही. विकत घेणारा एकच, भारत सरकार. पैसा तुमच्या-आमच्या कराचा. पण वरणगावच्या गेटवर नोकरभरतीची जाहिरात लागली तर तिच्यात अनुसूचित जाती इतक्या, अनुसूचित जमाती इतक्या, इतर मागासवर्ग इतके, असे लिहावे लागते. कानपूरच्या गेटवर असे काही लिहिण्याचे बंधन नाही. आमच्या मते या विषयातला खरा गाभा इथे आहे आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या संरक्षणविषयक पुरवण्यांत त्याचा एक शब्दही सापडत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले. देशभरातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. एकाच तालुक्यातल्या दोन भावंडांची अशी वाटणी झाली. ७० हजारांहून अधिक कामगारांना दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर दाखवले गेले आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ देण्यात आली. केंद्र सरकारचा कर्मचारी म्हणून भरती झालेला माणूस रात्रीत कंपनीच्या दारात उभा राहिला. या निर्णयाचे श्रेय किंवा पाप एकट्या आजच्या सरकारचे नाही, हेही आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. वाजपेयींच्या काळात २००० साली नायर समितीने हीच शिफारस केली, २००४-०५ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत केळकर समितीने तीच री ओढली, २०१६ साली शेकटकर समितीनेही तेच सांगितले. खाउजाच्या बाबतीत नागनाथ आणि सापनाथ यांचे एकमत असते, ते असे!

आता १ ऑक्टोबर या तारखेकडे जरा थांबून पाहू. बरोबर ८० वर्षांपूर्वी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे किती मोठी लढाई होती! १८९२ च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी कंपनी सरकारच्या पलटणींत रक्त सांडले ते अचानक ‘लढवय्ये’ राहिले नाहीत, कारण साहेबांनी लढवय्या जातींची नवी यादी केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेपर्यंत निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले, तेव्हा कुठे तो बंद दरवाजा पुन्हा उघडला.

त्या दरवाजाचे मोल फक्त शौर्यात मोजणाऱ्यांची चूक होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शिकावेच लागे, मुलीसुद्धा शिकत. गावात ज्याला शाळेच्या ओसरीवरही बसू देत नव्हते, त्याला छावणीत अक्षरे मिळाली. म्हणून १८९२ ची बंदी ही पगाराइतकीच शिक्षणाचीही बंदी होती. भरती थांबली आणि एका समाजाची आधुनिक जगात शिरण्याची वाट थांबली.

स्वातंत्र्यानंतरही फौजेत जातीनिहाय आरक्षण आले नाही, आजही नाही. पण फौजेच्या कारखान्यांत आले, कारण तिथली नोकरी नागरी नोकरी होती. देशाच्या संरक्षणाच्या इतक्या मोठ्या पसाऱ्यात संविधानाच्या कलम १६(४) ने ज्या मोजक्या जागा आम्हाला हक्काने दिल्या, त्यांत हे कारखाने आहेत. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भंडारा, चांदा, अंबाझरी, वरणगाव, भुसावळ. यांपैकी बहुतेक गावांत आंबेडकरी चळवळीची घट्ट वस्ती का आहे, हे यावरून कळावे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेली ती वस्ती होती, हा योगायोग नव्हे.

आणि बाबासाहेबांना नोकरीपेक्षाही एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटत होती : यंत्रावरची जागा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. भुसावळहून मुंबईच्या गाडीत बसले की वाटेत लागते तेच मनमाड. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातले वाक्य आम्ही वारंवार सांगतो; पण त्याच भाषणातला दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. आमचा माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, असे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे? कापड गिरणीतही विणकाम खात्यात, जिथे पैसा जास्त, तिथे आमच्या माणसाला मज्जाव होता. म्हणजे कारखान्यात शिरणे ही अर्धीच लढाई. आत गेल्यावर कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर उभे करतात, ही उरलेली अर्धी.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाचा काळ, दारूगोळ्याच्या कारखान्यांना कसबी कामगार हवे होते. ती तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्या योजनेतून निवडक तरुण पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडलाही गेले. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांच्या तांत्रिक शिक्षणाची सोय करा, ही मागणी त्यांनी ठेवली. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. आमच्या वडीलधाऱ्यांनी ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर ऑर्डनन्सचा कॉल मिळवला, त्या एक्स्चेंजची मुळेही त्याच खात्यात, त्याच काळात आहेत. युद्धासाठी उद्योग बदलत असताना आपला माणूस हातोड्यावरून लेथवर कसा जाईल, याचा विचार बाबासाहेबांनी मंत्रालयात बसून केला होता. आज उद्योग पुन्हा बदलतो आहे. हातोडा-लेथच्या जागी आता संगणकावर चालणारी मशीन, सेन्सर आणि ड्रोन आले आहेत. तो विचार आज कोण करतो आहे?

जे चालले आहे ते पाहा. म्युनिशन्सच्या चांदा-भंडाऱ्यासारख्या कारखान्यांनी अलीकडे डेंजर बिल्डिंग वर्करच्या जागा मुदतबंद करारावर भरल्या. एका वर्षाचा करार, वाढवत वाढवत जास्तीत जास्त चार वर्षांचा. उमेदवार मागितले ते त्याच कारखान्यांत अप्रेंटिसशिप केलेले. म्हणजे स्फोटक हाताळायला शिकवले सरकारने, शिकला पोरगा, आणि चार वर्षांनी हात झटकून मोकळे. तिकडे फौजेत जून २०२२ पासून अग्निपथ, तोही चार वर्षांचा. नंतर चारात एकालाच कायम करणार. बंदूक धरणारा चार वर्षांचा आणि त्याची गोळी भरणारा चार वर्षांचा! पंचविशीत दोघेही पुन्हा नाक्यावर. क्वार्टर नाही, बढती नाही, लेबरचा सेमीस्किल्ड, सेमीस्किल्डचा स्किल्ड, त्याचा मास्टर क्राफ्टसमन आणि एक दिवस चार्जमन, ही शिडीच उरली नाही. ज्या शिडीने एक पिढी वर चढली, तीच काढून घेऊन खाली उभ्या असलेल्या पोरांना सांगायचे, स्पर्धेत उतरा.

मोठ्या कंत्राटांची दिशाही पाहावी. मार्च २०२५ मध्ये ३०७ लांब पल्ल्याच्या तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. तोफेचे संशोधन सरकारच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झाले. उत्पादन भारत फोर्ज आणि टाटा यांच्याकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या रॉकेटांचे १०,१४७ कोटींचे करार झाले, ते म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरची खासगी कंपनी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज यांच्यात विभागले गेले. नागास्त्र नावाचे, लक्ष्यावर घिरट्या घालून कोसळणारे ड्रोनही याच नागपूरच्या कंपनीचे. २०२४-२५ मध्ये देशाचे संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींवर गेले आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता. निर्यातीत मात्र चित्र उलटे आहे : २३,६२२ कोटींपैकी १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे. नवा, कसबाचा, जास्त नफ्याचा माल कोणत्या बाजूला सरकतो आहे ते या आकड्यांत दिसते. सरकारी कारखान्याला पत्रा आणि पितळ, खासगीला इलेक्ट्रॉनिक्स. मनमाडचा गँगमन आणि पोर्टर इथेही आहेतच, फक्त आता माणसाऐवजी अख्खा कारखाना गँगमन करून ठेवायचा बेत दिसतो.

आम्ही आंधळे समर्थक नाही. सरकारी कारखान्यांच्या मालाबद्दल तक्रारी होत्या. सदोष दारूगोळ्यामुळे सहा वर्षांत ९६० कोटींचे नुकसान झाल्याचे लष्कराच्या एका अंतर्गत अहवालात नमूद असल्याच्या बातम्या २०२० साली आल्या होत्या. कॅगनेही वेळोवेळी ताशेरे ओढले. खराब गोळ्याने तोफेवरचा जवान मरतो आणि तो जवान बहुधा बहुजनांच्याच घरचा असतो. तेव्हा कामगार संघटनांनी दर्जाच्या प्रश्नावर तोंड चुकवू नये. पण दुखणे हाताचे आणि कापायचे डोके, असा उपचार कुठे असतो? इंग्लंडने हा प्रयोग आपल्याआधी केला. रॉयल ऑर्डनन्सचे कारखाने १९८५ मध्ये कंपनीत बदलले आणि १९८७ मध्ये कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकली. पुढच्याच वर्षी ज्या एनफिल्डच्या नावाने जगभर रायफली ओळखल्या गेल्या तो कारखाना बंद झाला. आधी मंडळाची कंपनी, मग कंपनीचे शेअर, मग शेअरचा मालक. बाल्को २००१ मध्ये कशी गेली ते आमचे वाचक विसरलेले नाहीत. मालक बदलला की नव्या भरतीतले आरक्षण जाते, त्यासाठी संविधानात दुरुस्ती करावी लागत नाही.

२०२१ साली कामगारांनी या सगळ्याला विरोध केला. तिन्ही महासंघ एकत्र आले, बेमुदत संपाची हाक दिली. सरकारने ३० जून २०२१ रोजी अध्यादेश काढला, ऑगस्टमध्ये कायदा केला : संप केला तर एक वर्षापर्यंत कैद, चिथावणी दिली तर दोन वर्षे. कायदा एका वर्षापुरताच होता. तेवढ्यात मंडळ बरखास्त करून झाले, काम फत्ते! १९३८ साली मुंबई विधिमंडळात संपावर बंधने घालणारे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क आहे, अशी भूमिका मांडली आणि ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष संपात उतरला. २०२१ मध्ये आमच्या नावाने चालणाऱ्या किती पक्षांनी ऑर्डनन्सच्या गेटवर जाऊन एक सभा घेतली? गट इतके, गेट रिकामे.

या कामात जीव जातात, हेही बोलले पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत पेट्या वाहणारे आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी कारखान्यात नऊ गेले, त्यांत सहा बाया. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी कारखान्यात आठ गेले. म्हणजे सरकारी असो वा खासगी, बारूद कोणाला ओळखत नाही. पण कायम कामगाराच्या मागे विधवेचे पेन्शन आणि अनुकंपेची नोकरी उभी राहते. मुदतबंद किंवा रोजंदारी मजुराच्या घरी एकरकमी मदतीची बातमी येते आणि नंतर कोणीच येत नाही.

इथे आमचेच काही धम्मबंधू विचारतात, की भगवंतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार निषिद्ध सांगितला आहे. मग शस्त्राच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी एवढी आरडाओरड कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि आम्ही तो टाळत नाही. बाबासाहेब युद्धखोर नव्हते. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना, ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, हा परराष्ट्र धोरणाचा दोष आहे, असे त्यांनी सुनावले होते. पण ज्या देशाला फौज ठेवावीच लागते त्याने तिचा माल नफ्यासाठी विकणाऱ्याच्या हाती द्यावा की लोकसभेला उत्तर देणाऱ्या खात्याच्या? व्यापार म्हणायचे तर निर्यातीचे आकडे वाढवण्यासाठी कोणालाही काहीही विकण्याची घाई हाच व्यापार. वरणगावच्या पाळीवरच्या कामगाराला त्या पापाचा धनी करू नये.

आता थोडे आमच्याच घराकडे. ऑर्डनन्सच्या पगारावर शिकलेल्या पिढीने काय केले? पोरगा पुण्याला आयटीत गेला, आनंद आहे. पण वस्तीतल्या मागे राहिलेल्या पोराला भुसावळच्या आयटीआयचा फॉर्म कधी सुटतो, अप्रेंटिसची जाहिरात कुठे लागते, हे सांगायला क्वार्टरमधला माणूस परत आला का? जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते. एक जुने लेथ, एक ड्रोनचा संच घेऊन विहाराच्या मागच्या खोलीत पोरांना शिकवायला जमत नाही? २०२२ च्या अर्थसंकल्पात निवडक आयटीआयमध्ये ड्रोनचे अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा झाली. त्यात खान्देशातल्या किती आयटीआय आल्या, याची चौकशी करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. आणि ज्यांच्या हाताला धंद्याची सवय आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट : केंद्राच्या खरेदीत लघुउद्योगांकडून २५ टक्के माल घ्यायचा आणि त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा, असा नियम आहे. वर्षानुवर्षे हा चार टक्क्यांचा आकडा गाठला जात नाही. कंपन्या सांगतात, तुमच्यात पुरवठादारच सापडत नाहीत. पिनाकाच्या पॉडला लागणारे ब्रॅकेट आणि बोल्ट जळगाव-भुसावळच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बनू शकत नाहीत असे कोण म्हणतो?

आमची मागणी स्पष्ट आहे. जी खासगी कंपनी संरक्षण खात्याच्या ऑर्डरवर जगते, तिने त्या ऑर्डरीच्या अटीतच भरतीतील आरक्षण पाळावे. सरकार गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाइकाला अट घालता येते. नवे तंत्र आधी भुसावळ-वरणगावला यावे आणि तिथल्या कामगाराला ते शिकवण्याचा खर्च कंपनीने करावा. मुदतबंद कामगारांना कायम करावे. निवेदने देऊन हे होणार नाही हे आम्हालाही कळते. म्हणून सुरुवात कागदापासून करावी. यंत्र इंडिया आणि म्युनिशन्स इंडिया आजही सरकारी कंपन्या आहेत, त्यांना माहितीचा अधिकार लागू आहे, अर्जाची फी १० रुपये. १ ऑक्टोबर २०२१ नंतर प्रवर्गनिहाय किती माणसे निवृत्त झाली, किती जागा भरल्या, त्यातल्या कायम किती आणि करारावरच्या किती, अनुशेष किती. आणि नव्या मशीनच्या प्रशिक्षणाला ज्यांना पाठवले त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती, एवढे पाच प्रश्न विचारायचे आहेत. भुसावळ, वरणगाव, भंडारा, चांदा, अंबाझरी, खडकी, देहूरोड, अंबरनाथ इथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या फॅक्टरीचा अर्ज स्वतंत्र करावा आणि आलेली उत्तरे आमच्या कार्यालयात पाठवावीत. उत्तर नाकारले तर नकाराचे पत्रही पाठवावे. ती आम्ही या पानावर आकड्यांसह छापू.